कोरडी गॅलरी

"गळती निम्म्यावर आली, डुबल! निम्म्यावर!" शिरगुप्पे साहेब म्हणाले आणि त्यांनी पोह्यांवर लिंबाची फोड पिळली.

अण्णांनी हातातला चमचा बशीत ठेवला.

"कधीपासून?"

"झाला की पंधरवडा. रोज फोनवर आकडा येतो मला. तुम्ही आजारी पडलात आणि तुमचं धरण बरं झालं. आता असेच पडून राहा." साहेब स्वतःच्या विनोदावर मनापासून हसले. ते कार्यकारी अभियंता होते, कानवडी धरणाच्या जलपूजनासाठी जिल्ह्याच्या गावाहून पहाटेच निघून आले होते. अण्णा त्यांच्या हाताखाली उपअभियंता. धरणाची देखभाल अण्णांकडे होती, पण टायफॉइडने त्यांना महिनाभर खाटेला खिळवलं होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदाच शर्ट-पँट घालून व्हरांड्यात येऊन बसले होते. शर्ट त्यांच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता.

"काहीतरीच काय बोलता साहेब, सणाच्या दिवशी," आई आतून म्हणाली. ती आणि शेजारच्या कमळताई पाहुण्यांच्या पुरणपोळ्यांसाठी कणीक मळत होत्या.

व्हरांड्याच्या भिंतीवर लोकांकडे कॅलेंडर असतं तिथे आमच्याकडे आलेखाचा कागद होता. त्यावर दोन रेघा. निळी जलाशयाच्या पाण्याची, तांबडी गळतीची. पावसाळ्यात पाणी चढलं की दोन्ही रेघा चढायच्या, उन्हाळ्यात दोन्ही उतरायच्या. जोडीने चालणाऱ्या बैलांसारख्या. ज्या दिवशी अण्णांना ताप भरला त्या दिवशी दोन्ही रेघा थांबल्या होत्या.

अण्णा भिंतीला धरून उठले. खिशातली पेन्सिल काढली.

"आकडे सांगा साहेब."

"आत्ता? पोहे गार होतायत."

"सांगा."

साहेबांनी आठवतील तसे आकडे सांगितले. अण्णांनी एकेक ठिपका दिला आणि ठिपके जोडले. निळी रेघ कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकली, कारण धरण काठोकाठ भरलं होतं. तांबडी तिच्याबरोबर थोडी चढली आणि मग खाली घसरली. अण्णा त्या दोन रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

"चांगलं झालं की हो," साहेब म्हणाले. "दरवर्षी गळतीवरून विधानसभेत प्रश्न येतो. आता म्हणावं, या आणि बघा."

"पेशंटची लघवी बंद झाली म्हणून कुणी पेढे वाटत नाही, साहेब."

"अहो, खातोय मी!"

"गॅलरीतल्या दाबाचे आकडे कुठायत?"

"ते कोण बघतंय आता? गळतीच उतरली म्हटल्यावर..."

अण्णांनी पेन्सिल खिशात ठेवली. दोनदा ठेवावी लागली, पहिल्यांदा ती खिशाबाहेर गेली. मला वाटलं, अशक्तपणा.

"मी खाली जाऊन येतो."

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "जिने उतरायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय."

"ललू येईल बरोबर."

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीला घरी आले होते. माझा धाकटा भाऊ श्रीरंग वसतिगृहात होता. मी चप्पल घातली. साहेब बशी घेऊन उभेच होते. "जा जा, बघून या," ते म्हणाले. "मी वर केबिनमध्ये असेन. पालकमंत्र्यांची गाडी निघाली असेल एव्हाना."

आमची वसाहत धरणाच्या पायथ्याशी होती. ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती, जशी घरातल्या खिडकीची जागा माहीत असते तशी. पश्चिमेला भिंत, त्यामुळे आमच्याकडे ऊन लवकर मावळायचं. आम्ही मुलं भिंतीवर चेंडू मारायचो. त्या सकाळी वर लाउडस्पीकरवर सनई लागली होती. खाली शिरवड्याकडून येणाऱ्या रस्त्यावर बैलगाड्या, टेम्पो, ओटीची ताटं घेतलेल्या बायका यांची रांग लागली होती. सगळे नदीवरच्या बुटक्या फरशी पुलावरून येत होते. पुलाच्या दोन्ही बाजूंना पात्रातच फुगेवाले, भेळवाले बसले होते.

धरणाच्या पोटात एक बोगदा असतो, त्याला गॅलरी म्हणतात. खाली उतरणारा जिना अरुंद आणि ओलसर. अण्णा प्रत्येक वळणावर थांबत होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून. त्यांचा हात हलका झाला होता.

लहानपणी मी इथे आले होते तेव्हा कान बधिर झाले होते. भिंतीच्या कडेने जमिनीत खोल भोकं पाडलेली होती, त्यातून पाणी उसळून गटारात पडायचं, गटारातून पुढे वाहत जायचं, आणि तो सगळा आवाज बोगद्यात घुमायचा. लग्नघरात आत शिरल्यावर जसा कल्ला अंगावर येतो तसा. अण्णा तेव्हा म्हणाले होते, "धरण बोलतंय."

आता आम्ही शेवटची पायरी उतरलो आणि मला माझ्या चपलेचा आवाज ऐकू आला.

अण्णा थांबले. मीही थांबले. कुठूनतरी एक थेंब पडला. बऱ्याच वेळाने दुसरा.

"अण्णा, किती शांत आहे."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर आवळला गेला.

गॅलरीला नवा चुना लावला होता. दिवे बदलले होते. फरशीवर, जिथे कायम घोटाभर पाणी असायचं, तिथे रांगोळी काढली होती. तिच्या मधोमध झेंडूचं फूल. आणि रांगोळीच्या पलीकडे गणपा सुतार उभा होता, धुतलेला सदरा घालून, हात जोडून.

गणपामामा गॅलरीची देखभाल बघायचा. धरण बांधताना तो फळ्या ठोकायला आला आणि इथलाच होऊन गेला. अण्णा आजारी असताना रोज संध्याकाळी दारात येऊन, आत न येता, आईला विचारून जायचा.

"साहेब, आलासा! म्या म्हनलंच हुतं, साहेब आजच्या दिसाला उठनारच. बगा कशी दिसतीया?"

"पाणी कुठं गेलं, गणपा?"

"न्हायच!" त्याने दोन्ही हात उडवले. "एक थ्येंब न्हाय. शिरगुप्पे साहेब म्हनलं, गेल्या साली मंत्र्याचं बूट भिजलं, औंदा कोरडी दिसली पायजे. म्हनलं, दिसंल. बाभळीची बुचं केली, साहेब. येकयेक भोक मापून. पंधरा दिस तासत हुतो. वरनं शिमीट चोपडलं. सुई बी न्हाय आत जायाची."

भिंतीच्या कडेला, जिथून पाणी उसळायचं, तिथे बुचं ओळीने बसली होती. गुळगुळीत तासलेली. वरच्या सिमेंटवर त्याने गेरूसुद्धा लावला होता.

"सगळी?" अण्णांनी विचारलं.

"समदी. शेवटची काल रातीला बसवली."

तो अण्णांच्या तोंडाकडे बघत होता, शाबासकीसाठी. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं ते ओरडणार. ते म्हणाले, "काम चांगलं केलंस. आता छिन्नी आण. मोठा हातोडा आण. पळ."

गणपामामाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण पाय निघाले.

अण्णा भिंतीवरच्या, दाब दाखवणाऱ्या एका तबकडीपाशी गेले. घड्याळाएवढी, काचेची, आत काटा. त्यांनी काच बोटाने टिचकवली. काटा हलला नाही. ते पुढच्या तबकडीपाशी गेले, मग तिसऱ्या. तिसरीपाशी ते इतका वेळ उभे राहिले की मी जवळ गेले.

"काय झालं, अण्णा?"

"भिंत समोरचं पाणी अडवते," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, मला गणित शिकवताना असायचा तसा. "पण थोडं पाणी खडकातून भिंतीच्या खाली येतंच. ते भिंतीला वर उचलायला बघतं. म्हणून आपण भोकं पाडून त्याला वाट देतो. वाहून गेलं की त्याचा जोर मरतो. लोकांना वाटतं ही गळती म्हणजे धरणाचं दुखणं. हा त्याचा श्वास आहे."

"आणि बुचं मारली तर?"

त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं.

"भिंत... पडेल?"

"भिंतीच्या या ठोकळ्याचं डिझाइन करताना जेवढा दाब धरला होता, काटा त्याच्या जवळ आलाय. तिथपर्यंत भिंत टिकते. त्याच्या पुढे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

माझ्या डोळ्यांपुढे आमचं घर आलं. व्हरांडा. परात. कमळताईंचा हसण्याचा आवाज.

"अण्णा, आई खाली आहे."

"माहीत आहे."

"तिला बोलावून घेते. मी पळत जाते. टेकडीच्या वाटेला लावते तिला..."

"कमळताईला सांगायचं नाही?"

"सांगते की."

"आणि तिच्या पलीकडच्यांना? फुगेवाल्याला?" त्यांनी माझा दंड धरला. बोटं गार होती. "ललू, तू पळत सुटलीस की वसाहत पळेल. वसाहत पळाली की वर अरुंद रस्त्यावर हजारो माणसं आहेत, ती पळतील. त्यातली किती चेंगरतील ते मी सांगू शकतो. भिंतीचं मात्र सांगू शकत नाही. धोक्याचा भोंगा वाजायचा असेल तर सगळ्यांना एकदमच ऐकू येईल."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हा माणूस आईच्या हातचं मऊ भाताचं पाणी पिऊन महिनाभर जगला होता.

गॅलरीत एक काळा फोन होता. दांडी फिरवली की वर केबिनमध्ये वाजायचा. पलीकडचा आवाज इतका मोठा यायचा की बाजूला उभ्या माणसालाही ऐकू जायचा. अण्णांनी दांडी फिरवली आणि काय झालंय ते चार वाक्यांत सांगितलं.

पलीकडे आधी सनई ऐकू आली. मग शिरगुप्पे साहेब म्हणाले, "मी कोरडी दिसू दे म्हणालो होतो. बुचं मारा म्हणालो नव्हतो."

"ते आता राहू दे."

"दरवाजे उघडू का? आत्ता उघडतो. पातळी उतरली की दाब उतरेल ना?"

"उतरेल. पण पात्रात माणसं आहेत. फरशी पूल गाड्यांनी भरलाय. न सांगता दरवाजे उघडलेत तर ती नक्की वाहून जातील."

"मग भोंगा वाजवतो!"

"आणि काठावरची चेंगरतील."

"अरे मग करू काय मी, डुबल!" साहेब किंचाळले. सकाळचा पोहे खाणारा माणूस तो नव्हताच. "माझी बायको वर मंडपात बसलीय. काहीतरी एक सांगा!"

अण्णांनी डोळे मिटले, उघडले.

"पोलिसांची जीप पुलावर पाठवा. पूल बंद करा, पात्र रिकामं करा. कारण काहीही सांगा. मंत्र्यांसाठी बंदोबस्त म्हणा, लोक मुकाट ऐकतील. तोवर आम्ही बुचं काढतो. आणि इथे काचेवर मी खूण करतोय. काटा खुणेच्या आत असेपर्यंत भोंगा नाही, दरवाजे नाहीत. काटा खुणेपलीकडे गेला की दोन्ही. त्या वेळी मला विचारायचं नाही, मंत्र्यांना विचारायचं नाही. पूल रिकामा झालाय की नाही हेसुद्धा बघायचं नाही."

"आणि तुम्ही म्हणालात, थोडं थांबा, तर?"

"माझं ऐकायचं नाही. खुणेचं ऐकायचं."

जीप पुलावर पाठवा, असं साहेबांनी पलीकडे कुणालातरी ओरडून सांगितलं.

"काटा कोण वाचणार?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "माझी मुलगी."

मी मान हलवली. नाही म्हणून. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"पोरीला वर पाठवा हो," साहेब म्हणाले.

"तीच वाचेल."

त्यांनी खिसे चाचपले. पेन्सिल ओल्या काचेवर उठेना. मग त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, हात पुढे केला, आणि माझी टिकली काढून घेतली. मरून रंगाची, मोठी. शर्टाच्या बाहीने काच पुसून त्यांनी ती काट्याच्या पुढे चिकटवली. काटा आणि टिकली यांच्यात करंगळी मावेल एवढी जागा होती.

"फोन कानाला लाव. जे दिसेल ते सांगत राहा. तुला काय वाटतं ते सांगायचं नाही. दिसेल ते."

"अण्णा, मला जमणार नाही."

"मला तर मुळीच जमणार नाही," ते म्हणाले. मला ते समजूत घातल्यासारखं वाटलं.

गणपामामा घाम पुसत परत आला होता. अण्णांनी त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्याने डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि खाली बसला. "माझ्या हातानं," तो म्हणत होता, "माझ्या हातानं, साहेब." अण्णा त्याच्याशेजारी फरशीवर गुडघे टेकून बसले, छिन्नी त्याच्या हातात दिली. "तूच घातलीस, तूच काढू शकतोस. तिरकी कशी बसवलीस ते तुलाच ठाऊक. या तिसऱ्या काट्याजवळच्यापासून. बाजूला उभा राहून मार. वर वाकू नकोस."

हातोड्याचे घाव सुरू झाले.

पण बाभूळ पाण्यात फुगते. जितकं पाणी तितकी घट्ट बसते. गणपामामाने उत्तम काम केलं होतं, आणि आता प्रत्येक घावाला ते उत्तम काम त्याला नाही म्हणत होतं. लाकडाचे कपचे उडत होते. बूच हलत नव्हतं.

"काटा कुठं आहे, बाळ?" फोनमध्ये साहेब.

"खुणेच्या आत."

"किती आत?"

"करंगळीएवढा."

घाव. घाव. अण्णांचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. एक बूच निघालं. मी वळून पाहिलं. गणपामामाने ते उपटून हातात धरलं होतं आणि दोघं भोकात बघत होते. पाणी आलंच नाही. आत सिमेंट उतरून बसलं होतं.

"पुढचं," अण्णा म्हणाले.

मी परत काचेकडे वळले. जागा कमी झाली होती.

"आता?" साहेब.

"खुणेच्या आत. पण... पुढे सरकलाय."

"किती?"

"बोट मावणार नाही."

पलीकडे साहेब कुणालातरी ओरडून विचारत होते, पूल झाला का रिकामा? कुणीतरी म्हणालं, एक गाडी उलटलीय साहेब, बैल बुजलेत. सनई बंद झाली होती. आता स्पीकरवर कुणी बाई ओटीचं गाणं म्हणत होत्या, बेसूर आणि आनंदी.

मला फक्त ती टिकली दिसत होती. तिच्या कडेला माझ्या घामाचा पांढरा डाग होता. मला जाणवलं की मी एक शब्द बोलले की आई वाचेल. "गेला" एवढंच. काटा गेला. भोंगा वाजेल, आई हातातलं टाकून धावेल, वसाहतीतल्या लोकांना तालीम दिलेली होती, टेकडीकडे जायचं. आई वाचेल. पुलावरचा बुजलेला बैल, गाडीवान, त्याच्या शेजारी ओटीचं ताट धरून बसलेली कुणाचीतरी आई, हे मला दिसत नव्हते. दिसत होते ते फक्त आईचे पिठाचे हात. ओठ आपोआप हलत होते.

काटा टिकलीला टेकला.

"ललिता! काटा?"

"खुणेवर आहे."

"वर म्हणजे? पलीकडे गेला?"

"खुणेवर."

"पलीकडे गेला का ते सांग! माझा हात भोंग्यावर आहे, बाळ, सांग लवकर!"

काटा थरथरत होता. टिकली आणि काटा, दोन्हीत फट नव्हती. पलीकडे गेला नव्हता. मला इतक्या खात्रीने आजवर काहीच दिसलं नव्हतं, आणि इतकं खोटं बोलावंसंही कधी वाटलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "पलीकडे नाही."

मागे काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. बूच तोफेच्या गोळ्यासारखं उडालं, छतावर आपटलं आणि गणपामामाच्या खांद्याला घासून पडलं. त्यामागोमाग पाणी. माणसाच्या उंचीचा खांब उसळला, छताला लागला, आम्हा सगळ्यांवर कोसळला. एक दिवा विझला, दुसरा चालू राहिला. रांगोळी क्षणात वाहून गेली. आणि त्या गर्जनेत गणपामामा खांदा धरून नाचत होता, रडत होता.

"बोलली! साहेब, बोलली बगा! बोलली!"

फोनमध्ये साहेब "काय झालं, काय झालं" करत होते. मी काच हाताने पुसली. काटा टिकलीपासून सुटला होता. केसाएवढा. मग बोटाएवढा. मी ते सांगितलं.

पुढचं बूच सोपं गेलं. त्याच्या पुढचं त्याहून. पूल रिकामा झाल्याचा निरोप आल्यावर साहेबांनी दरवाजे थोडे उचलले, अगदी बेताने, आणि स्पीकरवरून जाहीर केलं की मंत्रिमहोदयांच्या स्वागतासाठी पाणी सोडण्यात येत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंत्री आलेही. दुपारी गॅलरी बघायला उतरले. पांढरे बूट पुन्हा भिजले. चारी बाजूंनी पाणी उसळत होतं. ते भाषणात म्हणाले की या धरणाची गळती पाहून आपल्याला दुःख झालं, पुढच्या वर्षी ती पूर्ण बंद करून दाखवू. अण्णा मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. शिरगुप्पे साहेबांना हसू आवरेना, ते रुमालाने डोळे पुसत राहिले, आणि काही वेळाने मला कळलं की ते हसत नव्हते.

घरी आल्यावर आई म्हणाली, "भिजलात कुठं एवढे? आणि तुझी टिकली?"

"पडली," मी म्हणाले.

मी अण्णांशी बरेच दिवस नीट बोलले नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. आईला आधी सांगायचं नाही, हे मी समजू शकत होते. विसरू शकत नव्हते. आणि काट्यासमोर मलाच का बसवलं, तेही विचारायचं राहून गेलं. लग्न झालं, माझी मुलं झाली, अण्णा निवृत्त झाले. राहूनच गेलं.

गेल्या वर्षी त्यांच्या पित्तनलिकेत गाठ निघाली. ऑपरेशनसारखी राहिली नव्हती. अडलेलं पित्त बाहेर काढायला त्यांच्या कुशीतून एक नळी घातली, तिला खाली पिशवी. एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर श्रीरंग खुशीत होता. "ताई, आज पिशवीत काहीच आलं नाही. थांबलं एकदाचं. सिस्टर म्हणाल्या, बहुतेक नळी काढतील."

मी पिशवीकडे पाहिलं. ती कोरडी होती. माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला.

"डॉक्टरांना बोलाव," मी म्हणाले.

"अगं पण चांगलंच आहे ना?"

"पळ, श्रीरंग."

डॉक्टर आले. नळी तुंबली होती. त्यांनी ती धुतली, आणि काळपट हिरवं पित्त धार धरून पिशवीत आलं. अण्णांनी डोळे उघडले. पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बोलली?"

"बोलली, अण्णा."

श्रीरंग औषधं आणायला गेला. खिडकीतून ऊन त्यांच्या पिवळ्या हातावर पडलं होतं. मी विचारलं, "त्या दिवशी मलाच का बसवलंत काट्यासमोर?"

त्यांना आठवावं लागलं नाही.

"मी बसलो असतो तर काटा पलीकडे गेलेला दिसला असता मला." ते थांबत थांबत बोलत होते. "आधीच. बुचं काढायच्याही आधी. तुझी आई खाली होती."

मी त्यांचा हात धरून बसले. मग ते म्हणाले, "आजचा रिपोर्ट आला?"

"आला."

"काटा कुठं आहे?"

दारात डॉक्टरांनी मला आकडे समजावून सांगितले होते. नळी धुऊनही ते आता उतरणार नव्हते. मी अण्णांकडे पाहिलं. जे दिसेल ते.

"पलीकडे, अण्णा."

त्यांनी मान हलवली. आकडा बरोबर वाचल्यावर हलवायचे तशी.

"मग वाजव भोंगा."

"सगळ्यांना एकदमच?"

ते हसले. आलेखाच्या कागदाकडे बघावं तसं भिंतीकडे थोडा वेळ बघत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "या वेळी तुझ्या आईला आधी."